शांत घोडा, की शांत केलेला घोडा?

वाचकाचं पत्र:

"माझं वय ५१. दोन वर्षं रायडिंग स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकले. चालीवर आणि दुडकीवर मांड नीट बसते, त्यापुढे धीर होत नाही. शर्यत नको, उड्या नकोत. रानवाटांनी, टेकड्यांवरून दोन-तीन तास निवांत फिरवून आणेल असा शांत घोडा हवाय. एक जाहिरात पाहिली: '९ वर्षांचा, अगदी गरीब, लहान मूलही बसेल.' जाऊन पाहिला. खोगीर चढवून तयारच होता. अर्धा तास बसले, हूं की चूं नाही. विक्रेता बोलायला फार चांगला. पण आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, उद्यापर्यंत इसार द्या म्हणतो. ओळखीचे लोक म्हणतात, घोड्यांचे व्यापारी सगळे एकाच माळेचे मणी. विश्वासाचा विक्रेता ओळखायचा कसा?"

उत्तर:

उद्या इसार देऊ नका. घोडा वाईट आहे म्हणून नव्हे; तो कदाचित तुम्हाला हवा तसाच निघेल. पण तुम्ही तो अजून पाहिलेला नाही. खोगीर चढवून, तंग कसून अंगणात उभा केलेला घोडा म्हणजे तयारी उरकल्यानंतरचा घोडा. तुम्ही पोहोचण्याआधीच्या दोन-तीन तासांत त्याचं काय काय झालं ते त्यात दिसत नाही, आणि शांतपणाची लबाडी होते ती नेमकी त्याच वेळात.

'आणखी दोन गिऱ्हाइकं' खरी असतीलही. शांत घोड्यांना मागणी असतेच. त्याला एवढंच सांगा: 'तपासणी झाल्याशिवाय मी पैसे देत नाही. तोवर दुसऱ्याला द्यायचा असेल तर द्या.' घोडा गेला तर गेला. इसार द्यायचीच वेळ आली तर रक्कम लहान ठेवा आणि पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्या: घोडा अमुक तारखेपर्यंत राखून ठेवला आहे, आणि माझ्या पशुवैद्याच्या तपासणीनंतर घ्यावासा न वाटल्यास इसार पूर्ण परत. लिहायला एक मिनिट लागतं. जो लिहून देत नाही, त्याच्याबद्दल पुढे काही शोधत बसू नका.

आता मूळ प्रश्न. विक्रेता बोलायला चांगला आहे, हे तुम्ही त्याच्या जमेला धरलंय. धरू नका; नावेही टाकू नका. तुटक बोलणारी कितीतरी माणसं घोड्याच्या बाबतीत सरळ असतात. विक्रेत्याच्या मनात काय आहे हे तुम्हाला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. त्याचं बोलणं पडताळता येण्याजोगं आहे का, आणि तुम्ही पडताळायला निघालात की तो वाट करून देतो की आडवा येतो, एवढं पाहा. 'लहान मूलही बसेल' हे पडताळता येत नाही. 'शेजारची १४ वर्षांची मुलगी दर रविवारी याला एकटी घेऊन जाते' हे पडताळता येतं, कारण त्या मुलीच्या घरच्यांशी बोलता येतं.

पण त्याआधी तुम्ही पाहिलेल्या त्या 'हूं की चूं नाही'बद्दल, कारण सगळा व्यवहार त्यावर उभा आहे.

घोडा गप्प असण्याची कारणं बरीच असतात, आणि स्वभाव हे त्यातलं एकच. सगळ्यात सोपं कारण थकवा. सकाळी तासभर दोरीवर गोल फिरवला की तापट घोडाही दुपारी मान खाली घालून चालतो. तंगाखाली, खोगिराच्या जागी, मागच्या मांड्यांमध्ये वाळलेल्या घामाने चिकटलेले केस पाहा. तुम्ही जायच्या वेळी घोडा नुकताच धुतलेला असेल, तर का धुतला ते विचारा. पाणी तोडलेला घोडाही मरगळतो. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती २ सेकंदांच्या आत सपाट व्हायला हवी. हिरड्या ओलसर आणि गुलाबी हव्यात, बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका २ सेकंदांत पुन्हा भरायला हवा.

उपाशी घोड्याकडे मात्र नवख्याचं लक्षच जात नाही, आणि सर्वांत जास्त फसवणूक तिथेच होते. पुष्कळदा विक्रेत्याच्याही नकळत. अर्धपोटी घोड्याच्या अंगात बुजायला, उधळायला ताकदच नसते. तुम्ही तो आणता, दया येऊन भरपूर वैरण आणि वर चंदी (दाण्याचा खुराक) सुरू करता, आणि सहा-आठ आठवड्यांत तबेल्यात वेगळाच घोडा उभा असतो. मग 'विक्रेत्याने औषध देऊन विकला' अशी बोंब होते. औषध कुणी दिलेलं नसतं, नुसतं पोट भरलेलं असतं. घोड्याचा भरलेपणा १ ते ९ या मापात मोजतात. ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. ३ किंवा त्याखालचा घोडा कितीही गरीब वाटला, तरी त्याचा स्वभाव अजून कुणालाच माहीत नाही असं समजा. तो घ्यायचाच असेल तर दोन महिने पोसल्यावरच स्वभावाबद्दल बोलता येईल, आणि तेवढा धोका तुमच्यासारख्या स्वाराने पत्करू नये.

औषधाची शंका वेगळी. एसप्रोमाझिनसारख्या, घोड्याला गुंगवून शांत करणाऱ्या औषधाने त्याची मान नेहमीपेक्षा खाली येते, खालचा ओठ सैल लोंबतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे सरकलेली दिसते, पाय थोडे फाकून उभा राहतो आणि नराचं लिंग बराच वेळ बाहेर राहतं. झायलाझिन किंवा डेटोमिडिन ही गुंगीची दुसरी औषधं दिली असतील तर नाडी फार मंदावते आणि मध्येच कुठेतरी घामाचे पट्टे उमटतात. निवांत उभ्या, निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याखालून जाणारी धमनी बोटांनी चाचपून मोजता येते. झायलाझिनचा अंमल तास-दोन तासांत उतरतो, एसप्रोमाझिनचा त्याहून जास्त वेळ राहतो. रेसर्पिन किंवा फ्लुफेनाझिन या शांत करणाऱ्या औषधांचा मात्र कित्येक दिवस, कधी काही आठवडेही टिकतो. म्हणजे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊनही तो तुम्हाला सापडणार नाही. त्याला उतारा एकच, रक्ताचा नमुना. त्याबद्दल पुढे.

आणखी एक गप्प घोडा असतो, त्याला 'मन मिटलेला' म्हणावं. मार खाऊन किंवा वर्षानुवर्षं अनेक हातांखाली राहून त्याने दाद देणंच सोडलेलं असतं. कान एकाच दिशेला लावलेले, नजर निर्जीव, अंग कडक. नवी वस्तू दाखवली तरी बघतसुद्धा नाही. अनुभव नसलेल्या माणसाला हाच सगळ्यांत 'गरीब' वाटतो. मग कधीतरी, बहुतेक नव्या जागी, त्याचा बांध फुटतो आणि तोही कसलीच सूचना न देता. खरा शांत घोडा बघतो. कान हलवतो, झुडपात खडखड झाली की दचकतो, पण दोन-चार सेकंदांत श्वास सोडून पुन्हा चालू लागतो. न दचकणारा घोडा शोधू नका, तसा नसतोच. दचकल्यावर तो काय करतो आणि किती वेळात सावरतो, ते मोजा.

तुमच्या ओळखीच्यांचं 'एकाच माळेचे मणी' पटण्यासारखं नाही. एकाच भागात बरीच वर्षं धंदा करणारा, न जमलेला घोडा बदलून देणारा व्यापारी खाजगी मालकापेक्षा पुष्कळदा बरा, कारण त्याला पुढच्या वर्षीही तिथेच घोडे विकायचे असतात. खाजगी मालक खोटं बोलत नसेल, पण त्याला माहीत असेलच असं नाही: स्वतः तरबेज स्वार असेल, तर आठवड्यातून पाच दिवस फिरवलेला त्याचा घोडा त्याला खरंच शांत वाटतो. तोच घोडा तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा, थोड्या घाबरलेल्या हातांखाली, अगदी निराळा वागेल. लिलाव तुमच्यासाठी नाही; तिथे तपासायला वेळच मिळत नाही.

रायडिंग स्कूलचा किंवा पर्यटकांना फिरवणारा घोडा रानवाटेसाठी सोयीचा वाटतो. रोज नवे स्वार, रोज तीच वाट, कशाचीच नवलाई नाही. पण इथेच घोडं पेंड खातं. हे घोडे रांगेत, पुढच्याच्या शेपटीला नाक लावून चालायला शिकलेले असतात. एकटा बाहेर काढला की पन्नास पावलांवर थांबतो, वळतो, किंकाळ्या फोडतो. अडेलतट्टू हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. शिवाय अशी ठिकाणं चांगला चालणारा घोडा सहसा विकत नाहीत. का विकताय, याचं पटण्यासारखं उत्तर मिळालं (धंदा बंद होतोय, घोडे कमी करतोय, वजनदार स्वारांसाठी लहान पडतोय) तर जरूर विचार करा, पण एकट्याने चालवून पाहिल्याशिवाय नाही.

तुमच्या प्रशिक्षकांना बरोबर नेणार असाल तर चांगलंच, फक्त त्यांची फी आधी ठरवून तुम्ही द्या आणि विक्रेत्याकडून काही मिळणार आहे का ते सरळ विचारा. दोन्हीकडून दलाली घेणारा सल्लागार सल्लागार राहत नाही.

आता फोन. उद्या इसाराऐवजी प्रश्न पाठवा, शक्यतो लिहून, म्हणजे उत्तरंही लिहून येतील. घोडा तुमच्याकडे कधीपासून आहे, त्याआधी कुणाकडे होता? शेवटचा कोण बसलं, कधी, कुठे गेलं? गेल्या महिनाभरात कोणतं औषध दिलं? पोटशूळ कधी झाला होता का, शस्त्रक्रिया झाली का? नाल शेवटचे कधी ठोकले? धनुर्वात आणि घोड्यांच्या फ्लूची लस कधी दिली? याला कोणत्या गोष्टीची भीती वाटते? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: याचं काय तुम्हाला आवडत नाही? 'काहीच नाही' हे उत्तर बाद. प्रत्येक घोड्यात काहीतरी असतं. तो तंग कसताना दात विचकतो, डासांना कावतो, ट्रेलरमध्ये चढायला पंधरा मिनिटं लावतो. दोष सांगणारा विक्रेता दोष विचारात घेऊन किंमत लावतो, न सांगणारा तो तुमच्या गळ्यात बांधतो. हाच प्रश्न भेटीत पुन्हा विचारा आणि दोन उत्तरं जुळतात का ते पाहा.

त्याने तुम्हाला काही विचारलं का, हेही आठवून पाहा. तुमचं वजन किती, किती दिवस शिकलात, कुठे ठेवणार, एकट्याच फिरणार का, याची चौकशी करणारा विक्रेता घोडा परत येऊ नये म्हणून धडपडतोय. तुमच्या पत्रात तसा एकही प्रश्न दिसत नाही. पहिल्याच भेटीत 'हा तुमच्यासाठी नाही' असं सांगणारा भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा.

मग नालबंद. त्याचं नाव मागा आणि विक्रेत्याला सांगूनच त्याला फोन करा. दर सहा ते आठ आठवड्यांनी जो माणूस त्या घोड्याचे चारही पाय मांडीवर घेतो, त्याला त्याचा स्वभाव मालकाइतकाच माहीत असतो आणि खूर मालकापेक्षा जास्त. 'मागचे पाय द्यायला त्रास देतो का' एवढ्या एका प्रश्नावर पुष्कळ कळतं. घोड्यावर नेहमी उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडची जुनी नोंद मालकाच्या संमतीनेच मिळते. ती संमती मागा. नकार आला तर कारण ऐका, पण विसरू नका. व्यापारी असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांनी घोडे घेतले अशा दोघांशी बोला. गेल्या महिन्यातलं गिऱ्हाईक अजून कौतुकात असतं, त्याचा उपयोग नाही.

दुसरी भेट. आधीच सांगून ठेवा की घोडा मैदानात किंवा तबेल्यात मोकळा असू दे, खोगीर माझ्यासमोर चढवा. ठरल्या वेळेच्या तासभर आधी दारात जा आणि लवकर आले तर चालेल ना असं विचारा. खरंच काम चालू असेल तर तो 'थांबा' म्हणेल, त्यात गैर काही नाही. घोडा त्या वेळी काय करतोय ते मात्र बघून ठेवा.

म्होरकी घेऊन जाताना तो पळतो की उभा राहतो? खरारा करताना पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, बोटांनी सावकाश दाबत जा. अंग चोरलं, पाठ खाली घेतली तर तिथे दुखतंय. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे कधीतरी चुकीच्या खोगिराने काचलेलं आहे. चारही खूर स्वतः उचला. खुरावरच्या आडव्या वळ्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत गेल्या असतील, तर खुराचा दाह पूर्वी होऊन गेला असण्याची शक्यता आहे. पशुवैद्याला मुद्दाम दाखवा. टाचेच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बारीक व्रण आहेत का? टाचेतली संवेदना जावी म्हणून नस कापलेला घोडा लंगडत नाही, पण टाचेखाली दगड आलेलाही त्याला कळत नाही. टेकडीवरच्या वाटेला तो नको. गव्हाणीच्या कडा कुरतडलेल्या आणि वरच्या पुढच्या दातांची धार झिजलेली असेल तर दात रोवून हवा गिळण्याची खोड आहे. ती रानवाटेला आड येत नाही, पण किंमत कमी करायला हक्काचं कारण आहे.

दात बघायला लाजू नका. 'धर्माची गाय अन् दात का गं नाय' हे फुकट मिळालेल्याला. इथे तुम्ही रोख मोजताय. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांचा असताना जोडीजोडीने पडतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. खालच्या दातांवरचे काळे खळगे मधल्या जोडीत ६व्या वर्षाच्या सुमारास, शेजारच्या जोडीत ७व्या, कोपऱ्यात ८व्या वर्षी बुजत जातात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीलगत १०व्या वर्षाच्या आसपास एक तपकिरी खाच दिसू लागते; १५व्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत आणि २०व्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. दहाच्या पुढे हा अंदाज दोन-चार वर्षांनी चुकू शकतो. पण '९ वर्षांच्या' घोड्याच्या अर्ध्या दातावर खाच आली असेल, तर चूक दाताची नाही. वय जास्त निघालं म्हणून घोडा मात्र लगेच टाकू नका. तुमच्या कामाला १२ ते १५ वर्षांचा, पाय साबूत असलेला घोडा ९ वर्षांच्यापेक्षा चांगला. आक्षेप वयाला नाही, खोट्याला आहे.

वजनाचाही हिशेब तिथेच करा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं. चढ-उताराला त्याहून कमी बरं. काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर ४५० किलो. म्हणजे खोगिरासकट ९० किलो.

विक्रेत्याने किंवा त्याच्या माणसाने आधी बसून दाखवावं. कुणीच बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका, मग कारण पाठदुखीचं असो की आज वेळ नसल्याचं. त्यांच्यानंतर तुम्ही. अंगणात दहा मिनिटं पुरे. तुम्हाला अंगणात फिरायचं नाहीये. घोडामैदान जवळच आहे, म्हणून थेट वाटेवर जा. पहिल्यांदा दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने, तो जमला तर एकट्याने, विक्रेता पायी मागे.

तिथे काय पाहायचं? तबेल्यापासून दूर जाताना रेटावा लागतो का, आणि परतीला तोंड केल्यावर चाल आपोआप वाढते का. परतीच्या वाटेवर मुद्दाम थांबवा आणि एक मिनिट उभा करा. घराची ओढ असलेला घोडा हे मिनिट काढूच शकत नाही. लगाम ओढतो, तिरका चालतो, जागच्या जागी नाचतो. सोबतचा घोडा वळणाआड जाऊ द्या आणि तुम्ही थांबा. त्याने हाक मारली तर चालेल, अंगात आलं तर नाही. उताराला लगाम सैल सोडूनही पाऊल सांभाळून टाकतो की घाई करतो? ओढा किंवा डबकं ओलांडताना वास घेऊन, विचार करून पाय टाकणारा घोडा चांगला. एका झेपेत पलीकडे जाणारा तुम्हाला खाली ठेवून जाईल. मागून सायकल येऊ द्या. एखाद्या दगडावरून उतरा आणि पुन्हा चढा. रानात हे करावंच लागतं, आणि रिकिबीत पाय घालताच चालू पडणारा घोडा तिथे नकोसा होतो. शेवटी त्याला झाडाला बांधून वीस मिनिटं तुम्ही दूर बसा. ही परीक्षा कुणी घेत नाही, आणि जेवायला थांबल्यावर दोर तोडून एकटाच घरी गेलेल्या घोड्यांची संख्या काही कमी नाही.

हे सगळं दोन वेगवेगळ्या दिवशी करा, एकदा वारा असताना. आदल्या दिवशी कुणी बसलेलं नसेल असा दिवस मिळाला तर उत्तम. घोडी असेल तर तिचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं, त्यात माजाचे पाच-सात दिवस काही घोड्या फार चिडक्या होतात. दोन भेटींत दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवा. ती गाभण नाही ना, तेही तपासून घ्या. तुमच्या कामाला खच्ची केलेला घोडा सगळ्यांत कमी डोकेदुखीचा.

इतकं जमलं, तरच पशुवैद्य. पैसे देऊन, घोडा घरी आणून मग डॉक्टर बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. तो तुमचा हवा, विक्रेत्याचा नेहमीचा नको, आणि घोडा कशासाठी घेताय ते त्याला आधी सांगा. नीट तपासणीत आधी उभ्या घोड्याचं हृदय, फुप्फुसं, अंधारात डोळे. मग कडक जमिनीवर सरळ रेषेत चाल आणि दुडकी. मग घाम येईपर्यंत काम. मग विश्रांती आणि नाडी किती वेळात उतरते ते. आणि शेवटी पुन्हा दुडकी, कारण काही लंगडेपण विश्रांतीनंतरच बाहेर येतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो. हे तुम्हीही ओळखू शकता. एकेक पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच पळवण्याची चाचणीही होते. १२-१४ वर्षांच्या घोड्यात काहीतरी निघणारच. मागच्या गुडघ्याच्या सांध्यात किंचित संधिवात आणि तरी वर्षानुवर्षं टेकड्या चढतोय, तर तो तुमच्या कामाचा आहे. 'पास की नापास' विचारू नका; 'आठवड्यातून दोनदा तीन तास, ही पुढची पाच वर्षं, जमेल का?' असं विचारा.

आणि त्याच दिवशी, तुम्ही बसलात त्याच दिवशी, रक्त काढून घ्या. ते लगेच तपासायचं असं नाही. प्रयोगशाळा नमुना राखून ठेवतात, बऱ्याच ठिकाणी ६ महिन्यांपर्यंत. पुढे घोड्याचं वागणं बदललं तरच झोपेची औषधं आणि फिनाइलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं त्यात शोधायची. वेदनाशामक दिलेला लंगडा घोडा दिवसभर सरळ चालतो, म्हणून तेही महत्त्वाचं. नमुना घेणार हे विक्रेत्याला आठवडाभर आधीच सांगून ठेवा. ज्याच्या मनात काही नाही तो 'घ्या की' म्हणतो. ज्याच्या मनात काही आहे त्याचं ते दुसरं गिऱ्हाईक त्याच आठवड्यात पैसे घेऊन येतं.

घोड्याला मायक्रोचिप असेल तर पशुवैद्याकडून वाचून घ्या. १५ आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळवा, कपाळावरचा टिळा, पायाचे पांढरे मोजे आणि भोवरे यांच्याही नोंदी जुळवा. कागद एका घोड्याचे आणि घोडा दुसरा, हे घडतं.

करारात घोड्याची ओळख आणि वय लिहा, विक्रेत्याने सांगितलेल्या खोडी आणि आजार लिहा, गेल्या ३० दिवसांत दिलेली औषधं लिहा, आणि 'नवख्या स्वाराला रानवाटेवर एकट्याने फिरण्यास योग्य म्हणून विकला' हे वाक्य जसंच्या तसं लिहा. जाहिरातीत जे फुकट लिहिलं तेच सहीनिशी लिहायला तो तयार आहे का, इथे समजतं. 'आहे तसा, जबाबदारी नाही' अशी ओळ आली तर ती काढायला लावा किंवा उठा. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, त्याचे निरोप पुसू नका.

एक-दोन आठवडे घरी नेऊन पाहू द्या, असं विचारायला हरकत नाही, पण नाही म्हटलं म्हणून त्याला लबाड ठरवू नका. अनोळखी हातात गेलेला घोडा जखमी होऊन किंवा बिघडून परत येण्याची त्याची भीती रास्त आहे. त्याऐवजी त्याच्याच जागी आणखी चार-पाच वेळा बसू द्यावं, आणि विक्रीनंतर ठरावीक दिवसांत परत घेण्याची लेखी अट असावी. त्यात वाहतूक कोणाची, मधल्या काळात आजारी पडला तर खर्च कोणाचा, हेही आताच ठरवा.

घरी आणल्यावर सुरुवातीला विक्रेत्याकडचीच वैरण, तोच लगाम, जमल्यास तेच खोगीर. खाद्य बदलायचं ते ७ ते १० दिवसांत थोडं थोडं, आणि चंदी वाढवायची घाई नको. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या घोड्याला चांगली वैरण बहुतेक वेळा पुरते. इतर घोडे असतील तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. दहाव्या दिवशी वागणं बदललं तर आधी दाणा, काम आणि खोगीर तपासा, पण ते तपासण्यात परतीची मुदत घालवू नका. पशुवैद्याला सांगून राखलेला नमुना तपासायला द्या. आणि मुदत संपायच्या आत विक्रेत्याला एक साधा फोन करा: पुलावर थांबतो, तुम्ही काय करायचात? तो काय सुचवतो ते ऐका, आणि फोन उचलतो का तेही.